अजिंठ्याच्या बसमध्ये ज्येष्ठांना जागा द्या

महोदय,

अजिंठा लेणीला जायचं तर फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी उभी करून पुढचे चार किलोमीटर बसनेच जावं लागतं. लेण्यांजवळ गाड्यांचा धूर नको म्हणून केलेली ही सोय योग्यच आहे. पण सुट्टीच्या दिवसांत बस लागली की खिडकीतून रुमाल, टोप्या टाकून जागा धरल्या जातात. परवा गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक आजी दांडा धरून उभ्या होत्या आणि समोरच्या सीटवर कुणाची तरी डब्यांची पिशवी. विचारलं तर, "आमची माणसं यायलीत." शेवटी शाळेच्या सहलीतला एक पोरगा उठला, "बसा आज्जी" म्हणाला. फार बरं वाटलं.

खरी अडचण परतताना होते. पायऱ्या चढून-उतरून म्हातारी माणसं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया थकलेल्या असतात आणि नेमकी तेव्हाच रांग मोडते. एवढ्याशा प्रवासात धडधाकट माणसाला उभं राहायला काय जड जातं? लहान लेकराला मांडीवर घेतलं तरी एक जागा मोकळी होते. वाहकांनी रुमालाची जागा मानू नये. ज्येष्ठांना, गरोदर बायांना आधी चढू द्यावं.

– एक निवृत्त शिक्षिका, सिल्लोड