दादा, तुमची वाढलेली भूक

आदरणीय दादा,

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "बस कर की आता" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

२०१५ ला पावसानं दगा दिला. केज तालुक्यातला आमचा कापूस उभ्या उभ्या वाळला आणि मी एम.ए.साठी विद्यापीठात आलो, तेव्हाच्या औरंगाबादेत. वसतिगृहाच्या यादीत नाव नव्हतं. बेगमपुऱ्यात खोली बघितली, पण डिपॉझिट कुठून आणणार? दोन रात्री बसस्टँडवर काढल्या. तिसऱ्या दिवशी वाचनालयात तुम्ही विचारलं, "रोज एवढी मोठी बॅग घेऊन वाचायला येतो का रे?" त्या संध्याकाळी वसतिगृहातल्या तुमच्या खोलीत माझी सतरंजी पडली.

यादीत नाव नसताना दुसऱ्याच्या खोलीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना पोरं 'पॅरासाइट', म्हणजे बांडगूळ, म्हणायची. झोंबायचं, पण खोटं नव्हतं. तपासणी असली की मी लेण्यांच्या डोंगराकडं निघून जायचो. तुमचा मिस्ड कॉल आला की परत.

त्या दुष्काळात परीक्षा फी माफ झाली. मेसचं बिल कोण माफ करणार? तुमचा डबा अंबडहून एसटीनं यायचा, फडक्यात बांधलेला. भाकरी, ठेचा, कधी शेंगदाण्याची चटणी. मी "जेवून आलोय" म्हणायचो. तुम्ही कधीच खोटं पाडलं नाही, फक्त "भाकरी उरल्यात, वाया जातील" म्हणून फडकं माझ्याकडं सरकवायचात. रोज उरायच्या. माझ्या तेव्हा लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे.

पुढच्या वर्षी, २०१६-१७ ला, स्वाधार योजना आली: सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या, नवबौद्ध पोरांच्या खात्यावर जेवणाराहण्याचे पैसे. माझा अर्ज तुम्हीच रात्री बसून भरलात. पैसे आले, पण सावकाश. आता भाड्याच्या खोलीत होतो; घरमालक पाच तारखेला दारात, सरकार आपल्या सवडीनं. मधले महिने पुन्हा अंबडच्या भाकरीवरच गेले.

तुमच्या लग्नात तुमच्या आईच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. म्हणाल्या, "ह्यानं सांगितलं होतं, आई, भूक वाढलीय, दोनाच्या जागी पाच भाकरी घाल. ती भूक म्हणजे तूच व्हय रे?"

तुमचा,
सतरंजीवाला