पात्रता प्राध्यापकाची, मोबदला तासाचा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, शिकवतो. माझ्या अर्जाला जोडलेली कागदपत्रं कायम प्राध्यापकाला लागतात तीच आहेत: पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि सेट (राज्याची) किंवा नेट (राष्ट्रीय) ही पात्रता परीक्षा, नाहीतर नियमानुसार मिळवलेली पीएच.डी. सेटला बसलेल्यांपैकी सहाच टक्के पात्र ठरतात. ही चाळणी मला मान्य आहे. वर्गात कच्चा माणूस नकोच.

नियम फिरले तेही सोसलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांनी विद्यापीठ विभागांसाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची केली, मग मुदत २०२३ पर्यंत वाढली आणि त्याच वर्षी सक्तीच उठली. (तोवर नोकरी सोडून प्रबंधामागे लागलेल्यांनी काय करायचं?)

खरी मेख त्याच विनियमांच्या दहाव्या कलमात आहे. आमच्यासारखी हंगामी सेवा पुढे थेट भरतीत आणि पदोन्नतीत धरायची तर पात्रता पूर्ण हवी, निवड रीतसर समितीने केलेली हवी आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नको. पहिली अट आम्ही पूर्ण करतो. दुसरी महाविद्यालयाने मनावर घेतलं तर होते. तिसरी मात्र तुमच्या हातात आहे. नियमिताचं मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. आम्हाला घेतलेल्या तासांचे पैसे, तेही बिल मंजूर होईल तेव्हा. दिवाळीत तास नाहीत, उन्हाळ्यात नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी लागणाऱ्या नॅकच्या फायलींना मात्र सुटी नसते.

म्हणजे तासाचा दर शासन ठरवतं, आणि तो कमी आहे म्हणून आमची वर्षं मोजली जात नाहीत. उद्या कायम झालो तरी पदोन्नतीच्या हिशेबात मी नवखाच.

पैसे नाहीत, हे उत्तर ठाऊक आहे. पण रिक्त पदाचा आठवड्याचा १६ तासांचा कार्यभार अनेक ठिकाणी दोघांत वाटला जातो, तो वाटू नका. सगळी पदं भरेपर्यंत एका पदावर एकच माणूस घ्या, जाहिरात देऊन, समितीमार्फत, आणि त्याला नियमिताच्या सुरुवातीच्या वेतनाइतकं दरमहा द्या. कलमातल्या तिन्ही अटी तिथेच पूर्ण होतात. यूजीसीकडे काही मागावं लागत नाही.

तासिका तत्त्वाच्या पुढच्या जाहिराती निघण्याआधी हा शासन निर्णय यावा, एवढी विनंती.

आपला,
सेट उत्तीर्ण, तासिका तत्त्वावरील एक अध्यापक