बाबांनी फोनवर विचारलेला प्रश्न

श्रीवर्धन,
रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या बुधवारी बाबांनी फोनवर विचारले, "अजून रात्री त्याच मारामाऱ्या बघत बसतोस का रे?" त्यात राग नव्हता, काळजी होती, हे मला आवाजावरून कळले. मी बेचाळीस वर्षांचा झालो, तुम्ही दोघे दादाकडे पनवेलला गेल्यापासून घरात एकटा असतो आणि संध्याकाळचा सगळा वेळ टीव्हीसमोर जातो, याची रुखरुख तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. मी "हो, बघतो" एवढेच म्हणालो आणि बोलणे वाडीच्या पंपाकडे वळले. पण त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

माझा दिवस तुम्हाला ठाऊक आहे तसाच आहे. पहाटे उठून वाडीला पाणी सोडतो, रात्रीत पडलेल्या झावळ्या एका कडेला ओढून ठेवतो, दहाला पतसंस्थेत जातो आणि सहाच्या सुमारास परततो. जेवण उरकले की माझा खरा वेळ सुरू होतो. पूर्ण चित्रपट मी क्वचितच पाहतो. बहुतेक वेळा एखादा प्रसंगच चार-पाच वेळा मागे नेऊन पाहतो, कॅमेरा कुठे ठेवला असेल, उडी घेणारा माणूस खाली कशावर पडला असेल, याचा विचार करतो आणि सुचेल ते वहीत लिहून ठेवतो. अशा चार वह्या भरल्या आहेत.

हे वेड कुठून लागले, असे कोणी विचारले तर गणपतीत आळीतली सगळी घरे वर्गणी काढून भाड्याने व्हिडिओ आणायची आणि आपल्या अंगणात रात्रभर चित्रपट चालायचे, ते मी सांगतो. आई तेव्हा मारामारी सुरू झाली की पदर तोंडावर घ्यायची आणि "संपली का?" म्हणून मलाच विचारायची. पण खरी सुरुवात त्याच्याही आधीची आहे, आणि ती मी तुम्हाला कधी सांगितलेली नाही.

मी सात-आठ वर्षांचा असेन. सुपारी उतरवण्याचे दिवस होते. बाबा, तुम्ही पायांत दोरीचे वेटोळे आणि कमरेला कोयता अशा थाटात विहिरीजवळच्या पोफळीवर चढला होता आणि मी खाली घड गोळा करायला उभा होतो. घड कापून झाला, पण तुम्ही उतरला नाहीत. तुम्ही शेंड्याजवळ अंगाचा भार पुढे-मागे टाकत पोफळ हलवू लागलात. आधी थोडीशी, मग अधिक, आणि ती शेजारच्या पोफळीकडे झुकली तशी तुम्ही हात लांबवून ते खोड धरलेत. क्षणभर तुमचा एक हात या झाडावर होता आणि दुसरा त्या झाडावर, खाली मोकळी हवा, आणि पुढच्या क्षणी तुम्ही पूर्ण पलीकडे होतात. मागची पोफळ सुटून सरळ झाली तेव्हा तिच्या झावळ्यांचा सळसळाट झाला, तो मला आजही ऐकू येतो. तुमच्या लेखी ते रोजचे काम होते. मला मात्र त्यानंतर पडद्यावरची कोणतीही उडी पाहिली की तीच पोफळ आठवते.

पुढे चौदाव्या वर्षी मी तुमच्या नकळत तसाच झोका घ्यायला गेलो आणि हात मोडून घेतला. इस्पितळातून परतताना तुम्ही रागावला नाहीत, फक्त म्हणालात, "आधी झाडाचा जोर पाहायचा असतो. ते किती वाकते ते कळले नाही तर हात सोडायचा नाही." स्टंटच्या कामाबद्दल मी नंतर जेवढे वाचले, त्या सगळ्याचे मर्म या दोन वाक्यांत आहे. ती माणसे मुळीच बेफिकीर नसतात. दोराची लांबी, गाडीचा वेग, पडायच्या जागेवरची गादी किंवा खोकी, हे सगळे मोजून, पुन्हा पुन्हा सराव करून मगच ती उडी घेतात, आणि तरीही इजा होते.

जॅकी चॅन यांचा १९८५चा 'पोलीस स्टोरी' मला सर्वांत प्रिय आहे तो याच कारणासाठी. त्याच्या शेवटी हाँगकाँगमधल्या एका मोठ्या दुकानसंकुलात ते वरच्या मजल्यावरून मधल्या खांबावर झेप घेतात आणि विजेच्या दिव्यांच्या माळांनी वेढलेल्या त्या खांबावरून काचा फोडत थेट तळापर्यंत घसरत येतात. ही घसरण चित्रपटात लागोपाठ तीनदा, वेगवेगळ्या बाजूंनी दाखवली आहे. दिवे तापलेले होते, त्यामुळे त्यांचे तळहात खरोखर भाजले. तो प्रसंग पाहिला की हंगामात सोलवटून निघालेले बाबांचे तळहात आणि रात्री त्यांवर खोबरेल लावणारी आई माझ्या डोळ्यांसमोर येते. चित्रपट संपताना नावांबरोबर चुकलेल्या उड्या आणि झालेल्या दुखापतीही दाखवतात. ते शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मी उठत नाही.

हल्लीचे पुष्कळसे चित्रपट मला आवडत नाहीत, हेही सांगतो. संगणकावर तयार केलेला माणूस दहा मजल्यांवरून पडला तरी त्याला वजन नसते, आणि दर सेकंदाला दृश्य बदलले की कोणी काय केले हेच समजत नाही. पण वेगाने तोडलेले दृश्य नेहमी वाईटच असते असेही नाही. २०१५चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' मार्गारेट सिक्सेल या बाईंनी संकलित केला. त्यांनी त्याआधी एकही मारधाडीचा चित्रपट संकलित केलेला नव्हता. सुमारे ४८० तासांच्या चित्रीकरणातून त्यांनी दोन तासांचा चित्रपट निवडून काढला आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. त्यात महत्त्वाची गोष्ट बहुतेक पडद्याच्या मध्यभागीच ठेवली आहे, त्यामुळे दृश्ये कितीही भरभर बदलली तरी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. आई, तू ढिगातून सुपारी निवडायचीस तेव्हा तुझी नजर अशीच न अडखळता चालायची.

आणि 'शोले'बद्दल तर तुम्हा दोघांना सांगायलाच हवे, कारण तुम्ही सध्या राहता त्याच भागात त्याचा एक तुकडा घडला आहे. १५ ऑगस्ट १९७५ला आलेल्या या चित्रपटाचे रामगढ कर्नाटकात रामनगरजवळ उभारले होते, पण सुरुवातीची मालगाडीवरची झुंज पनवेलजवळच्या लोहमार्गावर चित्रित झाली आणि त्या काही मिनिटांसाठी सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. त्याच चित्रपटात टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनी यांच्या जागी रेश्मा पठाण या स्टंट करणाऱ्या बाई होत्या. टांगा भरधाव पळताना आळीतले सगळे टाळ्या पिटायचे, पण त्यांचे नाव आपल्या अंगणात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ही गोष्ट मला मनापासून लागते. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत या कामाला स्वतंत्र स्थान २०१६च्या चित्रपटांपासून मिळाले, आणि ऑस्करमध्ये तर ते २०२८मध्ये प्रथमच दिले जाणार आहे. इतकी वर्षे ही माणसे दुसऱ्याच्या नावावर पडत आणि जळत राहिली.

बाबा, ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने आपली वाडी आडवी केली, त्यानंतर तुम्ही पोफळीवर चढला नाहीत. चढण्यासारखी झाडेच उरली नव्हती आणि तुम्ही सत्तरीला आला होता. तेव्हापासून तुमचे ते काम पाहायला मिळत नाही. रात्री मी पडद्यासमोर बसतो तेव्हा काय शोधत असतो, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

वादळानंतर लावलेल्या रोपांपैकी विहिरीजवळच्या पाच पोफळींना यंदा पोय आली आहे. खोडे अजून कोवळी आहेत, माणसाचा भार सोसणार नाहीत.

येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने माणगावमार्गे निघतो आहे, दुपारपर्यंत पोहोचेन. पेनड्राइव्हवर 'शोले' आणत आहे. दादाच्या टीव्हीला तो चालतो का, तेवढे त्याला पाहून ठेवायला सांगा. मालगाडीचा प्रसंग आपण तिघांनी एकत्र पाहू आणि मी मधे मधे थांबवून दाखवेन. आईने या वेळी पदर तोंडावर घ्यायचा नाही. बाबांच्या गुडघ्याचे तेल आणि घरचे दोन नारळ पिशवीत भरून ठेवले आहेत.

तुमचा,
धाकटा