बेडफर्डहून पत्र

बेडफर्ड, इंग्लंड, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

मी मजेत आहे. फोनवर ऐकू आला तो खोकला साध्या सर्दीचा, विमानाचा नव्हे. ते प्रकरण आईला अर्धवट कळलंय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरच्या नवऱ्याचा टायगर मॉथमध्ये पाचवा हिस्सा आहे. पाच जणांत मिळून एक विमान, आपल्याकडे विहिरीत असतो ना तसा वाटा. 1931 सालची बनावट, एकावर एक असे दुहेरी पंख, पंखांच्या लाकडी सांगाड्यावर ताणून रोगण चढवलेलं कापड. कापड ऐकून आई दचकेल, पण थाप मारली तर ढोलकीसारखं वाजतं. ब्रेक मुळीच नाहीत. शेपटीखाली चाकाऐवजी एक आकडा असतो, तो गवतात रुतून विमान थांबतं. म्हणून याला डांबरी धावपट्टीपेक्षा गवतच मानवतं.

बाबा, ते गवत बघितलं आणि हडपसरचं ग्लायडिंग सेंटरच आठवलं. रविवारी लूनावर मला पुढे उभी करून न्यायचात. विंचचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा, दोर ताणला की ग्लायडर सुळकन वर जायचं, आणि जेआरडी टाटा 1932 साली पस मॉथ विमान घेऊन कराचीहून जुहूला कसे उतरले, ते तुम्ही दर वेळी नव्याने सांगायचात. पस मॉथ आणि हे, एकाच कंपनीची भावंडं. कुंपणाच्या आत मात्र आपण कधी गेलो नाही.

आता इथली गंमत ऐका. आम्ही वीस मिनिटं उडून दुसऱ्या एका शेतात उतरलो. कशाला? चहा प्यायला! आधी फोन करून परवानगी घ्यायची, उतरायचं, चहा-केक खायचा, परत यायचं. शेतात चिटपाखरू नव्हतं. शेडच्या दाराला एक पत्र्याची पेटी, शेजारी लिफाफे. लिफाफ्यावर विमानाचा नंबर लिहायचा, उतरण्याचे पैसे आत घालायचे आणि पेटीत टाकायचा. बघायला कोणी नाही, पावती नाही, कॅमेरा नाही. मी दोनदा विचारलं, "आणि नाही टाकले तर?" सिस्टरच्या नवऱ्याला प्रश्नच कळला नाही. पेटीचं कुलूपही आपल्या शाळेच्या दप्तराला असायचं तेवढंच.

आई, हेल्मेट होतं, पट्टे होते, दोन स्वेटर होते. चालवणारा तीस वर्षं उडवतोय. विमान इतकं हळू जातं की खालच्या रस्त्यावरच्या गाड्या फार मागे पडत नाहीत. आणि पैसे म्हणशील तर पेट्रोलचा माझा वाटा दिला, बाकी काही नाही. या महिन्यात पंधरा हजार कमी पाठवलेत ते व्हिसाच्या फीमुळे. त्याचा विमानाशी संबंध जोडू नकोस. पुढच्या महिन्यात भरून काढते, दादाला हप्ता तेवढा सांभाळायला सांग.

नगरच्या मंडळींना म्हणावं, दिवाळीत माझं येणं होत नाही. रजा मिळत नाहीये. फोटो चांगला आहे मुलाचा, नाही असं नाही. पण त्यांना घाई असेल तर थांबवून ठेवू नका. फराळही पाठवू नका, इथे चकली मिळते. (बरी असते.)

बाबा, टायगर मॉथमध्ये चालवणारा मागे बसतो, पुढची जागा पाहुण्याची. तिथे बसले तेव्हा सारखं वाटत होतं की चुकीचं माणूस बसलंय. जूनमध्ये तुम्हा दोघांची तिकिटं काढायचं बघते. पासपोर्टची मुदत तेवढी पाहून ठेवा.

तुमची,
मनू

ता.क. शेजारच्या काकूंना यातलं काही सांगू नकोस. सगळ्या सोसायटीला मी पायलट झाल्याचं कळेल.