आमच्याकडचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं अपत्यप्राप्तीच्या शंका-समाधानाचं पान वाचलं. वाचून ठेवून दिलं असतं, पण काल सकाळी शेजारची सून ते पान घडी करून पदरात लपवून घेऊन आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काकी, वरस झाला. पेपरात लिवलाहा, वरस झाला की बायकोन तपासून घेवचा. माझ्यातच कायतरी खोट आसतली." म्हणून हे पत्र लिहिते आहे. भाषा कुठे कडक झाली तर माफ करावं, पण तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आपल्या पानावर लिहिलं आहे, "वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास पत्नीने तपासणी करावी." या एका वाक्यात दोन चुका आहेत. पत्नीनेच का? निम्म्याच्या आसपास जोडप्यांत कारण पुरुषाकडे असतं किंवा त्याचाही त्यात वाटा असतो. तपासणी दोघांची, एकाच वेळी सुरू व्हायला हवी. आणि दुसरी चूक म्हणजे ते 'वर्ष'. जागतिक आरोग्य संघटना बारा महिने म्हणते ते नियमित संबंध असताना. हा 'नियमित' शब्द आपल्या लेखात कुठेच नाही. मुंबई-पुण्यात एका छपराखाली राहणाऱ्या जोडप्याला तो नसला तरी चालेल. आमच्याकडे त्या एका शब्दावाचून बाईच्या आयुष्याची माती होते.

माझंच सांगते. माझं लग्न मे १९९१ मध्ये झालं. हे मुंबईला नोकरीला, मी इथे देवगड तालुक्यात सासरी. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला पाच, मे महिन्यात पंधरा. वर्षाचे अठ्ठावीस दिवस आमचा संसार. रातराणी एसटीने सकाळी उतरायचे आणि परत जायच्या दिवशी मी भाकऱ्या बांधून द्यायचे. तिसऱ्या वर्षापासून बोलणी सुरू झाली. कौल झाला, गाऱ्हाणं झालं, नवस बोलून झाला. देवाबद्दल माझी तक्रार नाही, मी आजही देवळात जाते. तक्रार माणसांबद्दल आहे.

धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. स्वयंपाक पहाटेपासून मीच केला होता. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू मांडलेलं ताट घेऊन मी उभी राहिले. भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाई उठल्या, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू पाठल्यादारी बघ, चुलीर दूध आसा." चुलीवर दूध नव्हतं. मी मागच्या पडवीत जाऊन बसले, आणि आतून गाणी ऐकू येत राहिली. त्या ताटावर ओल्या हळदीचा माझ्या अंगठ्याचा ठसा होता, तो मला आज तीस वर्षांनीही दिसतो.

तोवर माझ्या तपासण्या किती झाल्या होत्या? तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी दोनदा पिशवी साफ केली. गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे झाला, त्या कळा बाळंतपणात आठवल्या. ह्यांची साधी वीर्यतपासणी सहा वर्षांत एकदाही झाली नाही. सुई नाही, भूल नाही, दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढंच. पण विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, "माझ्या झिलात खोट नाय." आणि डॉक्टरही गप्प बसायचे.

शेवटी १९९७ च्या मे महिन्यात कोल्हापूरला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी माझे सगळे कागद बाजूला ठेवले आणि ह्यांना विचारलं, "वर्षात घरी किती दिवस असता?" सहा वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता! देवपूजेत अडचण येऊ नये म्हणून मी माझ्या पाळीच्या तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवायचे आणि जुनी कॅलेंडरं टाकायचे नाही. ती पिशवीतून नेली होती. बाईंनी ती टेबलावर पसरली आणि पेन्सिलीने समजावून सांगितलं. अंडं बाहेर पडल्यावर जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणून दिवस राहायचे ते अंडं बाहेर पडायचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे एका पाळीत सहाच दिवस. आणि अंडं बाहेर पडतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी.

आपल्या पानावर 'चौदावा दिवस' म्हणून ठोकून दिलं आहे ना? तो अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. माझी पाळी पस्तीस दिवसांची, म्हणजे माझा दिवस एकविसावा! चौदावा दिवस धरून बसणाऱ्या अशा किती बायकांचा महिना फुकट जातो, याचा विचार लिहिणाऱ्याने केला का?

मग त्यांनी ह्यांच्या सुट्ट्या माझ्या तारखांवर ठेवून बघितल्या. कधी गणपतीत ते दिवस सापडत, कधी मे महिन्यात, शिमग्याला क्वचितच. सहा वर्षांत मिळून सातेक वेळा. तरुण, निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक इतकीच असते. म्हणजे मला वांझ ठरवणाऱ्यांनी वर्षभराइतकीसुद्धा संधी मला दिलेली नव्हती. मी त्या टेबलावर डोकं ठेवून रडले. हे खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, "माझी पण तपासणी करा." पहिल्या खेपेला आकडा कमी आला, कारण दोन महिन्यांपूर्वी त्यांना मलेरिया झाला होता. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मोठ्या तापाचा परिणाम नंतर दिसतो. तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा ठीक निघाली. मी नालासोपाऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहायला गेले. आठव्या महिन्यात दिवस राहिले, ते टिकले नाहीत. त्यानंतर १९९९ मध्ये मुलगी झाली. बाळंतपणाला गावी आले ती नव्या कोकण रेल्वेने.

गणपतीतल्या गोळ्यांबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. घरात गणपती, पाळी नेमकी तेव्हाच येणार, म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्या आमच्याकडे सर्रास घेतल्या जातात. ज्या सुनेची पाळी गणपतीत यायची असते, तिचं अंडं दोन आठवड्यांपूर्वीच बाहेर पडून गेलेलं असतं. नवरा तेव्हा मुंबईत. तो येतो तोवर ती खेप गेलेली असते आणि गोळ्यांमुळे पुढच्या तारखेचाही हिशोब चुकतो. मूल हवं असणाऱ्या बाईने त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. सासवांनी त्या आणून देऊ नयेत.

पपई, अननस आणि 'मन प्रसन्न ठेवा' यांना आपण अर्धं पान दिलंत. मला एका बाईंनी सोलकढी बंद करायला लावली होती, एकीने संबंधांनंतर पाय भिंतीला लावून झोपायला सांगितलं होतं. त्यातल्या कशानेही काही होत नाही. आणि 'ताण घेऊ नका' हे ज्या बाईच्या हातातलं ताट काढून घेतलं जातं, तिला सांगू नका. त्या अर्ध्या पानात हे बसलं असतं की पस्तिशी ओलांडलेल्या बाईने वर्ष नव्हे, सहा महिनेच थांबावं. पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, नवऱ्याला वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजले असतील, तर तेवढंही थांबू नये. क्षयरोग नळ्यांतही जातो आणि त्या बंद करतो. मूल हवं असं ठरलं त्या दिवसापासून बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं, हेही आपण लिहिलं नाहीत.

आता त्याच पुरवणीच्या मागच्या पानावरची जाहिरात. 'हमखास संतानप्राप्ती, तीन महिन्यांत गुण' आणि खाली मोबाइल नंबर. बाईच्या वंध्यत्वावर औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. पुढच्या पानावर शंका-समाधान आणि मागच्या पानावर हे? आमच्या वाडीतल्या एका पोराने असल्याच एका पुडीपायी मंगळसूत्र गहाण टाकलं आहे. जाहिरातीचे पैसे आपल्याला मिळाले, पण ते कोणाच्या गळ्यातून आले ते कळवते आहे.

काल शेजारच्या सुनेला मी ओटीवर बसवलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. लग्नाला चौदा महिने झाले. नवरा तळोज्याला कंपनीत, चौघांबरोबर खोलीत राहतो. घरी आला ते सगळे दिवस मोजले, बावन्न भरले. तिच्या तारखांशी लावून बघितले तर पाच खेपा सापडल्या. फक्त पाच! ती कितीतरी वेळ त्या कॅलेंडरकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे काकी, आमचा वरस अजून झालाच नाय?"

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन करून तपासणीचं विचारलं. तो तयार आहे. तिची सासू मात्र कालपासून माझ्याशी बोलत नाही.

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापावी: 'पत्नीने' नाही, 'दोघांनी'. आणि 'वर्ष' म्हणजे नवरा-बायको एकत्र राहिलेलं वर्ष. माझं नाव आपल्याकडे असू द्या. शेजारची मुलगी ओळखू येईल म्हणून ते छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग