‘ॲक्वेरियम क्लोज-अप किट’मधली लेन्स आणि रिंग लाइट यांबाबत तक्रार

दादर (पश्चिम), मुंबई
दिनांक : १६ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘ॲक्वेरियम क्लोज-अप किट’ची दिशाभूल करणारी जाहिरात, लेन्स व लाइट बदलून किंवा पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेलं वरील किट ५ जुलैला मिळालं. त्यात क्रॉप (लहान) सेन्सरची डीएसएलआर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ‘मॅक्रो’ लिहिलेली ७०-३०० मिमी झूम लेन्स, एलईडी रिंग लाइट आणि +४ चा क्लोज-अप फिल्टर (लेन्सपुढे लावायचं भिंग) आहे. बॉडीबद्दल काहीच म्हणणं नाही. घरच्या माशांना ती पुरून उरेल. तक्रार आहे ती तिच्यासोबत गळ्यात मारलेल्या बाकीच्या सामानाची.

जाहिरातीत ‘लाइफ-साइज मॅक्रो’ (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराची, म्हणजे १:१ उमटणं) असं लिहिलंय आणि शेजारी फायटर माशाच्या डोळ्याने अख्खी फ्रेम भरलेला फोटो आहे. लेन्सच्या नळीवर मात्र १:२ छापलंय. म्हणजे मासा सेन्सरवर निम्म्या आकाराचा उमटणार, तोही झूम १८० ते ३०० मिमीच्या दरम्यान ठेवून मॅक्रोचा खटका सरकवल्यावर. २३.५ मिमी रुंद सेन्सरवर अशा वेळी ४७ मिमीचा पट्टा मावतो. पूर्ण गप्पी टिपायला तेवढं पुरे, हे मान्य. पण फायटरचा डोळा तीन-चार मिलिमीटरचा, तो या फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम तेरावा हिस्सा व्यापतो. तुमचा तो फोटो खऱ्या १:१ लेन्सनेही भरपूर कापल्याशिवाय निघणार नाही.

आकाराचं एक वेळ चालवून घेतलं असतं. खरी गोची अंतराची आहे. ही लेन्स सेन्सरपासून ९५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही. नळी पुढे आल्यावरही लेन्सचं तोंड माशापासून दोन फूट लांबच राहतं. टँकमधला मासा टिपायचा तर रबरी हूड (लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं) काचेला टेकवायचा किंवा काचेच्या अगदी जवळ न्यायचा, म्हणजे खोलीतला उजेड काचेवरून परावर्तित होऊन आत शिरत नाही. दोन फुटांवरून ते जमणार कसं? खिडकी, ट्यूबलाइट, फोटो काढणाऱ्याचा पांढरा शर्ट, सगळं माशाच्या अंगावर उमटतं. शिवाय ३०० मिमीला हात जरासा हलला तरी चित्र हलतं.

खोलीत अंधार केला तर उरतो तुमचा रिंग लाइट. तो लेन्सच्या तोंडावरच बसतो, त्यामुळे काचेसमोर सरळ उभं राहिलं की फोटोच्या मधोमध पांढरी बांगडी. ती टाळायला कॅमेरा तिरका धरला, की काच आणि पाणी मिळून प्रतिमा ओढतात आणि कडांना जांभळी-हिरवी किनार येते. त्याचा उजेडही अपुरा. एफ/८ या छिद्राला, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चढवूनही शटर १/६० सेकंदाच्या पुढे जात नाही, आणि त्या वेगाला निऑन टेट्राची नुसती निळी रेघ मिळते. छिद्र मोठं करून वेळ मारून नेता येत नाही. १:२ वर एफ/८ लासुद्धा स्पष्टतेची खोली (पुढे-मागे स्पष्ट दिसणारा भाग) दोनच मिलिमीटर असते. डोळा धरला की कल्ला गेला.

आपल्या हेल्पलाइनवर आधी पोलरायझर (परावर्तित चमक कापणारा फिल्टर) लावायला सांगण्यात आलं. पोलरायझर काचेवरची चमक खातो ती काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशांचा कोन असताना. समोरून त्याचा उपयोग शून्य, उलट दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड जातो.

मग सांगितलं, +४ चा फिल्टर वापरा. याने आकार मोठा होतो, ३०० मिमीला तर १:१ च्याही वर जातो, हे खरं आहे. पण लेन्स अनंतावर (अगदी लांबवर) फोकस असेल तर हा फिल्टर बरोबर २५ सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवतो, आणि खटका सरकवून जवळ आणलं तर हे अंतर सुमारे सात सेंटिमीटरने कमी होतं. लेन्स अनंतावर ठेवून पाच सेंटिमीटरचा हूड काचेला टेकवला की उरले वीस. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने पाण्यात ते सुमारे २७ सेंटिमीटर होतात. एक फूट खोलीच्या टँकमध्ये तिथे मासा नसतो, मागच्या काचेवरचं शेवाळ असतं. त्यात फिल्टर एकाच भिंगाचा, म्हणून ३०० मिमीला पांढऱ्या शेपटीभोवती रंगीत झालर दिसते. सोबतचा तिसरा फोटो पाहावा.

या कामाचं किट काय असावं, हे माशांचे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. दोन फुटी टँकला ९० किंवा १०० मिमीची १:१ मॅक्रो लेन्स. तिचं तोंड पूर्ण आकाराला माशापासून १३-१५ सेंटिमीटरवर येतं. टेबलावरच्या छोट्या फायटर टँकला ६० मिमी बरी. आणि रिंग लाइटऐवजी साधा फ्लॅश, रेडिओ ट्रिगरसह (फ्लॅश दुरून उडवणारं उपकरण), टँकच्या काचेच्या झाकणावर खाली तोंड करून, मध्ये पांढरा ॲक्रिलिकचा तुकडा. वरून आलेल्या उजेडात खवले चमकतात आणि समोरच्या काचेवर काही उमटत नाही. १/२०० शटर, एफ/११, आयएसओ २०० ते ४००. मासा थांबवण्याचं काम फ्लॅश करतो.

आणखी एक. निर्णय होईपर्यंत लेन्स मूळ खोक्यात बंद ठेवा, असं आपल्या ईमेलमध्ये आहे. खोक्यात सिलिका जेलची पुडीसुद्धा नाही. जुलैच्या मुंबईत थर्माकोलमध्ये कोंडलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि मग तुम्हीच ‘ग्राहकाने खराब केली’ म्हणाल. म्हणून ती सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवली आहे; तारखेसह फोटो जोडला आहे.

मागणी अशी : झूम लेन्स, रिंग लाइट आणि फिल्टर परत घेऊन वर सांगितलेली मॅक्रो लेन्स व ट्रिगरसह फ्लॅश द्यावा, किमतीतला रास्त फरक भरायची तयारी आहे. ते शक्य नसेल तर संपूर्ण किट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, परतीचा कुरिअर खर्च आपला. जाहिरातीतले ‘लाइफ-साइज’ हे शब्द आणि तो डोळ्याचा फोटो काढून टाकावा.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लेन्सच्या नळीवरील १:२ चा फोटो, चार नमुना फोटो, हवाबंद डब्याचा फोटो