गोल टोकांचा ठळक फाँट

महोदय,

गोल टोकांचे ठळक फाँट शीर्षकांत आणि फलकांवर उठून दिसतात. पण साध्या ठळक अक्षराला कडेने गोल रेघ देऊन ते बनवू नयेत. त्याने जाडी वाढते आणि ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’च्या गाठी बुजतात, छपाईत शाई पसरली की ‘ष’ आणि ‘प’ सारखेच दिसू लागतात! गाठीपाशी रेघ मुद्दाम बारीक करावी, शिरोरेषाही उभ्या दंडापेक्षा थोडी पातळ ठेवावी. गोल टोक डोळ्यांना आखूड भासते, म्हणून दंड किंचित खाली उतरवावा. १९७९ साली फोक्सवॅगनसाठी घडलेला ‘व्हॅग राउंडेड’ हा रोमन लिपीतला गोल टोकांचा फाँट अभ्यासण्याजोगा आहे. चौकटीतल्या बारीक मजकुराला मात्र हे फाँट कृपया लावू नयेत.

– एक वाचक